उजवीकडचा मंद आहे

पाचव्या दुकानाच्या पायऱ्या चढताना तिच्या टाचा ठणकत होत्या. आठवडाभर शिवणवर्गात उभं राहून कापड बेतणाऱ्या बाईने सुट्टीच्या दिवशी तरी जरा टेकावं की नाही? पण नवऱ्याला स्पीकर घ्यायचे होते, आणि नवऱ्याच्या कानाला काही म्हणता काही पसंत पडत नव्हतं.

नवरा म्हणजे साधं गिऱ्हाईक नव्हे. तीस वर्षं रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण केलेला माणूस. तिथले लोक त्यांना कानसाहेब म्हणायचे, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी साहेबांनी ती पदवी काही खाली ठेवली नव्हती. झोपायची खोली केवढी, तर पलंग आणि कपाट मावल्यावर माणसाने आडवं होऊन चालायचं. तिथल्या फळीवर बसतील असे दोन लहान स्पीकर हवे होते, बस्स. त्यासाठी यांनी फळी मोजली, भिंतीपासूनचं अंतर मोजलं, कागदावर आकृती काढली. आणि चारही दुकानांत डोळे मिटून एकच निकाल दिला, की उजवीकडचा मंद आहे. दुसरी जोडी लावली तरी तेच. हल्ली मालच असा येतो म्हणत ते बाहेर पडायचे, आणि पिशवी सावरत ही मागोमाग.

खरं तर हे खूळ तिनेच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्या खोलीत तिला आवाज हवा होता, मग तो कोणाचा का असेना. दोन वर्षांपूर्वी आम्लपित्तासाठी डॉक्टरांनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, तेव्हापासून तिच्या वाट्याला त्यांची पाठ आली. ती काही बोलली तर पाठ हूं की चूं करायची नाही. सकाळी विचारलं तर म्हणायचे, तू काही बोललीसच नाहीस. शेवटी एकदा मनाचा हिय्या करून तिने त्या पाठीला विचारलं होतं, माझा कंटाळा आलाय का तुम्हाला? पाठ तशीच राहिली. तिला काय समजायचं ते ती समजली, आणि त्यानंतर तिने त्या पलंगावर तोंड उघडलं नाही.

पाचवा दुकानदार म्हातारा होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. त्याने एका गाणाऱ्या बाईचा आवाज लावला. कानसाहेबांनी डोळे मिटले. दरवाज्याकडचा, म्हणजे त्यांच्या उजवीकडचा, मंद होता. म्हाताऱ्याने दोन्ही स्पीकरच्या जागा बदलल्या. दरवाज्याकडचाच मंद. वायरी बदलल्या. तरी दरवाज्याकडचाच. तिने मनातल्या मनात सहाव्या दुकानाचा पत्ता आठवायला सुरुवात केली.

म्हाताऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग साहेबांची खुर्ची धरून त्याने ती उलटी फिरवली, तोंड भिंतीकडे आणि पाठ स्पीकरकडे. आता दरवाजा त्यांच्या डावीकडे आला आणि समोरची खिडकी उजवीकडे.

"आता सांगा."

साहेब ऐकत राहिले. बराच वेळ. नव्या पोरांना ते जन्मभर हेच शिकवत आले होते, की आवाज बिघडला तर एकेक गोष्ट बदलत जा, जी बदलायची राहील तिच्यात दोष. आजवर त्यांनी सगळं बदलून पाहिलं होतं, स्वतःचं डोकं सोडून.

"आता खिडकीकडचा मंद आहे," ते म्हणाले. मग त्यांनी डाव्या कानात बोट घातलं, आणि गाणं चालू असताना त्यांचा चेहरा असा झाला, की तिला तो बघवेना. घरात एकुलता एक रेडिओ, तोही स्वयंपाकघरात. फोन कायम डाव्या कानाला, कारण उजव्या हाताने टिपून घ्यायची सवय. कळणार कसं?

"तू निवड," ते हलकेच म्हणाले. "माझ्या कानावर जाऊ नकोस."

तिने निवडले. कुठल्या जोडीतली बाई जवळ बसून गातेय असं वाटलं, ती जोडी. तिला दुसरं काही कळत नव्हतं, आणि साहेबांनीही आज ते बोलून दाखवलं नाही.

दुपारी स्पीकर फळीवर बसले. लावायचं त्राण मात्र दोघांतही नव्हतं. ती पलंगावर नेहमीच्या बाजूला आडवी झाली. ते शेजारी आले, सवयीने डाव्या कुशीवर वळले, आणि तसेच थबकले. चांगला कान उशीत गेला होता. मग कण्हत, गुडघा सांभाळत, ते सबंध उलटे झाले. दोन वर्षांनी त्यांचं तोंड तिच्याकडे होतं.

"रोज काय बोलायचीस?"

तो कंटाळ्याचा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. पण ती फार दमली होती, आणि आता तो विचारायची गरजही उरली नव्हती.

"मोरीतला नळ गळतोय," ती म्हणाली. "वॉशर बदलायला हवा."

"उद्या बदलतो."

नळासाठी कोणी रडत नाही. ती रडली.