सांडव्यावरची ताटी

केवळरामला ‘नाही’ म्हणता येत नसे. गाव हे त्याचा गुण म्हणून सांगे आणि ते कानावर आलं की केवळराम मान खाली घालून हसे. पवनीच्या अल्याडच्या त्या गावात तलाव एकच, आणि त्याचं पाणी राखणारा माणूसही एकच. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, पाणी आधी कुणाच्या धानाच्या बांधीत आणि मग कुणाच्या, हे सगळं गावाने त्याच्यावर सोपवलेलं. रोवण्याच्या दिवसांत तो दोघांना एकाच वेळी पाणी कबूल करून बसायचा. दोघं भांडले की मधे उभा राहून दोघांच्या शिव्या खायचा आणि आपली बांधी कोरडी ठेवून भांडण मिटवायचा. अशा माणसाला देवमाणूस म्हणतात. देवमाणसाच्या बायकोला काय म्हणतात, ते मात्र कुणी विचारत नाही. बेबीबाई म्हणायची, "गावाले हो म्हणता अन् तहानलेलं धान मले दाखवता."

खरी गोष्ट अशी की तो चांगुलपणा निम्मा भीतीचा होता. केवळरामचे वडील भैयाजी त्याच तलावाचे राखणदार होते आणि त्यांना ‘नाही’शिवाय दुसरा शब्द ठाऊक नव्हता. सांडव्यावर कुणी काटकी आडवी लावली तरी लाथेने उडवायचे. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी त्यांनी कुणाला गोठासुद्धा बांधू दिला नाही. गावाचा तलाव त्यांच्या हयातीत कधी फुटला नाही, पण ते गेले तेव्हा तिरडीला खांदेकरी मिळेनात. कुणाला ताप होता, कुणाची म्हैस व्यायला झाली होती. चौथा खांदा दिला तो भंडाऱ्याहून बसने आलेल्या जावयाने, केवळरामच्या बहिणीच्या, ललिताबाईच्या नवऱ्याने. तोवर बाप दारात पडून होता आणि केवळराम गल्लीकडे डोळे लावून बसला होता. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं, आपल्या दारात असं होऊ द्यायचं नाही.

पुढे तो जावईही गेला. ललिताबाई लेकीला घेऊन माहेरी आली आणि तिने पाळीखालची जागा मागितली. जागा सपाट होती, विहिरीला गोड पाणी होतं. बापाने जन्मभर जी जागा मोकळी ठेवली, ती केवळरामने एका शब्दात देऊन टाकली. चौथ्या खांद्याची आठवण होती ती. मग तिला दिली म्हणून आणखी चार घरांना द्यावी लागली.

यंदा श्रावणात पाऊस असा लागला की तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागलं. तेव्हा मंदाबाई त्याच्याकडे आली. तलावात मासे पाळण्याचा हक्क तिच्या घरचा. तिने सोडलेली रोहूची पिल्लं आता हातभर झाली होती आणि सांडव्यावरून उड्या घेऊन नाल्याला लागत होती.

"केवळभाऊ, बांबूची ताटी लावू द्या सांडव्याले," ती म्हणाली. "करीच्या दिवशीपावतर. मंग मीच काढतो."

श्रावणभर गावाने मासोळी तोंडाला लावली नव्हती. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, आणि करीला घरोघर मासोळीचा रस्सा शिजणार. मंदाबाईचं वर्ष त्या एका दिवसावर होतं. केवळरामला बापाचा शब्द आठवला नाही असं नाही. भैयाजी म्हणायचे, "सांडवा म्हंजे तलावाचं नाक हाये. नाक दाबान तं तो तोंड उघडन, अन् त्याचं तोंड म्हंजे पाळ." पण समोर मंदाबाई पदराने हात पुसत उभी होती.

"लाव," तो म्हणाला.

ताटी लागली. बांबूच्या फटींतून पाणी जायचं आणि मासे अडायचे, इथवर ठीक होतं. पण वरच्या जंगलातून पालापाचोळा वाहत आला, कमळाचे वेल आले, बेशरमाच्या फांद्या आल्या आणि ताटीला बिलगल्या. पोळ्याच्या दिवशी बैलांना आंघोळ घालायला लोक पाळीवर आले, तेव्हा नेहमीचे दगड पाण्याखाली गेलेले होते. पोरं खूश झाली. केवळराम मात्र त्या बुडालेल्या दगडांकडे पाहत राहिला. तो सांडव्याकडे गेला, मंदाबाईने हात जोडले, "एका रातीचा सवाल हाये, भाऊ," आणि हा परत आला. त्या रात्री पाऊस थांबला नाही.

करीच्या सकाळी गावाने मारबत काढली. पळसाच्या फांद्या ओढत बायापोरं पाळीवरून शिवेकडे निघाली. "ईडा पिडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!" केवळरामही मागोमाग चालला होता. पाय पडतील तिथली माती त्याला मऊ लागत होती. एका बाजूला पाणी पाळीच्या खांद्याला आलेलं, दुसऱ्या बाजूला खोल खाली ललिताबाईच्या घराची कौलं. वरून पाहिलं की पाणी त्या कौलांच्या किती वर आहे ते दिसायचं, म्हणून तो पाहत नव्हता.

"दादा, जरासाक खाली ये ना," ललिताबाईने हाक मारली.

तो उतरला. घरात करंज्यांचा वास होता. लेक रिता बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आली होती, बाळ झोळीत झोपलं होतं. नवरा गेल्यापासून ललिताबाईचं तोंड इतकं उजळलेलं केवळरामने पाहिलं नव्हतं. ती त्याला परसात घेऊन गेली. पाळीच्या पायथ्यातून एक झरा फुटला होता.

"दरसाली ओल येते, पण यंदा पाणी गढूळ येऊन राहिलं. काही भेव तं नाही ना?"

केवळराम खाली बसला. त्याने ओंजळीत पाणी घेतलं. ओंजळीच्या तळाशी बारीक पिवळी माती बसली. ती पाळीच्या पोटातली माती होती. पाझर निर्मळ असेल तर पाळ जिवंत, गढूळ झाला तर पाळ आतून पोखरली, हे त्याला बापाने चड्डीत असताना शिकवलेलं. त्याने पाणी सोडलं आणि हात धोतराला पुसले.

आता सांगावं तर तिला बाळासकट भर पावसात बाहेर काढावं लागणार. मग ती विचारणार, दादा, ही जागा तूच दिलीस ना? ताटी तूच लावू दिलीस ना? त्याला वाटलं, आधी ताटी काढू, पाणी उतरलं की सांगायची गरजच नाही. हा विचार दयेचा होता असं तो स्वतःला म्हणाला. थोडा होताही.

"काही नाही होत व," तो म्हणाला. "पाऊस जास्त झाला, थोडा पाझरते. तू बिनघोर राह्य."

ललिताबाई हसली. "तू पाह्यलं, मंग मले कायचा घोर?" तिने त्याच्या हातावर दोन करंज्या ठेवल्या.

सांडवा पाळीच्या दुसऱ्या टोकाला. केवळराम तिथे पोचला तेव्हा निम्मं गाव भांडी घेऊन उभं होतं. मंदाबाई तराजू तोलत होती. त्याला पाहताच लोकांनी वाट करून दिली. "या, केवळभाऊ! तुमच्यामुळं कर गोड झाली!" मंदाबाईने सगळ्यांत मोठी रोहू उचलून त्याच्या हातात दिली, फुकट. मासा अजून तडफडत होता. केवळराम तो दोन्ही हातांत धरून उभा राहिला. भल्या माणसाची मोठी अडचण ही, की त्याला वाईट व्हायची वेळ नेमकी चारचौघांत येते.

"ताटी... जराशी..." तो म्हणाला.

"हे एवढे लोक आटपले का काढतो," मंदाबाई म्हणाली, आणि तोही थांबला. लोक आटपेपर्यंत थांबला. ताटीमागे पाणी फुगत होतं. मग कोपऱ्यात पाळीवरून पाण्याची एक पातळ पट्टी पलीकडे ओघळताना त्याला दिसली.

त्याने मासा फेकला. "नाही!" तो ओरडला. "आत्ता काढा! हटा सारे!" तो पाण्यात उतरला, बांबू उपसू लागला, मंदाबाईने धरलेला हात त्याने झिडकारला. लोक अवाक झाले. कुणीतरी म्हणालं, "बापावर गेला शेवटी." ताटी तुटली, पाणी डरकाळी फोडून नाल्यात कोसळलं. केवळराम कमरेइतक्या पाण्यात धापा टाकत उभा राहिला, आणि तेव्हा कुठे त्याला आठवलं की खालच्या घरांना आपण काहीच सांगितलेलं नाही.

"भुपेंद्र!" गर्दीतला एक तरणा शेतकरी पुढे आला. "धाव, बापू. पाळीखालचे लोक काढ. ललिताले काढ आधी."

भुपेंद्र धावला. केवळरामही मागे धावला, पण वयाने आणि चिखलाने त्याला मागे ठेवलं. अर्ध्या वाटेवर आवाज आला. मोठा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. मग समोरची पाळ वाकली आणि त्या जागी आभाळ दिसायला लागलं.

पाणी ओसरायला दिवस कलला. वाचलेली माणसं मारुतीच्या देवळाच्या उंचवट्यावर जमली होती. रिता बाळाला छातीशी घट्ट धरून पायरीवर बसली होती. केवळरामने आजूबाजूला एकेक तोंड पाहिलं आणि तो तिच्यापुढे बसला.

"माय?"

"भुपेंद्रदादानं आवाज देल्ला तसे सारे निंगाले," रिता म्हणाली. ती रडत नव्हती. "मले बाळाले घेऊन पुढं धाडलं. मी म्हटलं, माय तूबी चाल. तं म्हने, आत्ताच दादा पाहून गेला, दादा मले खोटं नाही सांगत. चुलीवर कढई हाये, तेवढी उतरवतो अन् येतो."

आजूबाजूच्या बाया कुजबुजल्या, बिचारा, किती जीव होता बहिणीवर. मंदाबाई लांब उभी राहून रडत होती. कुणीही त्याला एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

भुपेंद्र चिखलाने माखलेला आला आणि त्याच्या शेजारी बसला. त्याने केवळरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"भेटन काकू," तो म्हणाला. "कोठंतरी झाडाले धरून असन. काही नाही होत, काका. तुमी बिनघोर राहा."

भला पोरगा होता भुपेंद्र. केवळरामने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा भुपेंद्रने नजर दुसरीकडे वळवली आणि तळहाताची पिवळी माती धोतराला पुसली.