आशीर्वादाचे बूट

"वाढला, पाय वाढला!" असा गलका झाला आणि शाळेच्या हॉलमधली दीडशे माणसं उठून उभी राहिली. मागच्यांना काही दिसेना म्हणून ते बाकांवर चढले. त्यांच्याही मागच्यांना नुसत्या पाठी दिसत होत्या, पण "वाढला, वाढला" म्हणण्यात तेही मागे नव्हते.

समोर खुर्चीवर शाळेची स्वयंपाकीण मावशी पाय लांब करून बसली होती. पांढऱ्या सुटातल्या एका गुळगुळीत गृहस्थाने तिच्या दोन्ही टाचा तळहातांवर धरल्या होत्या. लोक त्याला बंधू म्हणत. बूटवाल्या काकांनी मनातल्या मनात त्याचं नाव पायवाढे ठेवलं होतं.

काका आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसून समुद्रापार आले होते, आणि तेही याच मावशीसाठी. तिचा डावा पाय लहानपणच्या तापाने दीड इंच आखूड राहिला होता. जाड तळाच्या बुटावर ती निभावून न्यायची, पण तो बूट झिजून चपटा झाला होता आणि तसा बूट करणारं इथे कुणी नव्हतं. तसं पत्र मिशनच्या शाळेकडून आलं, तेव्हा काकांच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, तीस वर्षं असेच बूट शिवणारा माणूस आपल्याकडे असताना दुसरा कशाला शोधायचा? झालं, काकांचा पासपोर्ट निघाला आणि पाळकसाहेबही सोबत निघाले.

निघताना काकूंनी दहादा बजावलं होतं की हत्यारं जिवाच्या पलीकडे जपा, मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंचं ऐकून काकांचं कधी वाईट झालं नव्हतं. ते या वेळी झालं. विमानतळावरच्या तपासणीत चामडं कापायची रापी गेली, भोकं पाडायची आरी गेली, हातोडीही गेली. मापाचं लाकडी पाऊल हातात घेऊन तिथला साहेब बराच वेळ काकांकडे बघत राहिला, जणू उरलेला माणूस कुठे आहे असं विचारायचं होतं त्याला. शेवटी लाकडी पाऊल, कापडी टेप आणि खडूचा तुकडा एवढाच ऐवज घेऊन काका परदेशी पोचले.

आता हत्यारांवाचून करायचं काय, या विवंचनेत ते असतानाच गावोगाव फिरणारा हा पायवाढे तिथे उगवला.

त्याची रीत ठरलेली होती. आधी तो पेटीतून एक जोड काढायचा. काळे, चकचकीत, होडीएवढे. त्यांना तो आशीर्वादाचे बूट म्हणायचा. लहानमोठा, बाई-पुरुष, सगळ्यांच्या पायात तेच. "अंगठ्यातून कृपा शिरते आणि टाचेतून पीडा निघते," तो सांगायचा, "म्हणून बूट सैल हवेत. घट्ट बुटात पीडा अडकते." शाळेच्या शिक्षिका बाई दुभाष्याचं काम करत होत्या. हे वाक्य आपल्या तोंडून सांगताना त्यांनाच कसंसं होत होतं.

एकच माप सगळ्यांना! काकांच्या धंद्याचा याहून मोठा अपमान नव्हता. पण आपलं काम त्याने पळवलं म्हणून तर आपल्या पोटात दुखत नाही ना, अशी त्यांना स्वतःचीच शंका आली. पाळकसाहेब तर हरखूनच गेले होते. पहिल्याच फेरीत चमत्कार! परत गेल्यावर रविवारच्या उपासनेत द्यायची साक्ष त्यांनी कागदावर उतरवायलाही घेतली होती.

"आता जुना बूट टाकून दे," पायवाढेने मावशीला सांगितलं. "जपून ठेवलास तर शंका ठेवलीस, आणि शंका ठेवलीस तर पाय पुन्हा आखडला." मावशीने डोळे पुसत जाड तळाचा बूट कचऱ्याच्या डब्यात टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी जरा जास्तच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सपाट चपला घालून, गरम सुपाचं भलंमोठं पातेलं धरून मावशी स्वयंपाकघराच्या पायऱ्या उतरत होती. तिसऱ्या पायरीवर डावा पाय पोचलाच नाही. पातेलं गडगडत गेलं, पोरं टुणकन बाकांवर चढली, आणि निम्मं सूप पाळकसाहेबांच्या नव्या बुटांत गेलं. पण मावशीचा हात कोपरापर्यंत भाजला होता. काका धावत गेले, नळाचं पाणी सोडून तिचा हात धरून बसले. मावशीला हाताचं काहीच नव्हतं. ती रडत होती ते वेगळ्याच कारणाने.

"माझाच विश्वास कमी पडला," ती म्हणाली. "रात्री मनात एकदा आलं होतं, खरंच वाढला असेल का म्हणून."

पायवाढेने मान डोलावून तेच सांगितलं. दोष कृपेचा नाही, मावशीचा. चोराच्या उलट्या बोंबा! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी तर भाजली होतीच, वर हा तिच्याच माथी पाप मारत होता.

त्या संध्याकाळी हॉल पुन्हा भरला. काकांनी शिक्षिकाबाईंना आधी बाजूला घेऊन काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. पहिल्या हाकेला काकाच खुर्चीवर जाऊन बसले आणि आपले पाय जरा तपासा म्हणाले. पायवाढेने आशीर्वादाचे बूट चढवले, टाचा उचलल्या आणि चेहरा दुःखी केला. "डावा आखूड आहे. दोन बोटं."

बुटांचे तळ खरंच दोन बोटं पुढेमागे दिसत होते. मग डोळे मिटून, मान वर करून त्याने लांबलचक प्रार्थना सुरू केली. बाईंनी खाली वाकून काकांच्या दोन्ही काळ्या मोज्यांवर, बूट जिथे संपत होते तिथे, खडूने एकेक रेघ ओढली. पायवाढे स्वतःच्याच आवाजात इतका रंगला होता की त्याला पत्ता लागला नाही. प्रार्थना वाढली, हात थरथरले, आणि दोन्ही तळ सारखे झाले. "वाढला!" लोक ओरडले.

"बसा मंडळी," काका म्हणाले. "माझा डावा पाय वाढला ना? मग डाव्या मोज्यावरची रेघ बघा. होती तिथेच आहे. आता उजवी शोधा."

उजवी रेघ दिसेना. काकांनी बूट जरा खाली ओढला तशी ती आतून बाहेर आली. "डावा पाय वाढलेला नाही. उजव्या पायातला बूट यांनी सुरुवातीला टाचेपासून दोन बोटं खाली सरकवला, म्हणून डावा आखूड दिसला. प्रार्थना म्हणता म्हणता हळूच परत वर चढवला, की झाले सारखे. मावशीच्या वेळी याच्या उलट, आखूड पायातलाच बूट खाली ओढला. बूट सैल लागतात ते पीडेसाठी नाही, सरकायला."

बाईंनी टेप लावून काकांचे दोन्ही पाय मोजून दाखवले. मुळातच सारखे होते. तरी कुणीतरी कुरकुरलंच. तेव्हा काकांनी पायवाढेला खुर्चीवर बसवलं, पायात त्याचेच बूट घातले, आणि त्याचा डावा पाय वाढवला. मग उजवा. मग पुन्हा डावा. "थांबा, सहा फेऱ्यांत डोकं छताला लावून देतो," असं ते म्हणाले तेव्हा पहिल्यांदा मावशीच खुदकन हसली आणि मग सगळा हॉल हसला. पोरांनी जागच्या जागी एकमेकांचे पाय वाढवायला सुरुवात केली. पायवाढे इथे शंकेचा वारा फार आहे असं पुटपुटत मोज्यांवरच निघून गेला. बूट मागे राहिले.

पाळकसाहेब उठले, तेव्हा त्यांच्या बुटांतून अजून सुपाचा वास येत होता. "टाळ्या मीही वाजवल्या," ते मावशीला म्हणाले. "चूक तुझ्या विश्वासाची नव्हती. आम्ही कुणी मोजलं नाही, ती चूक होती." रविवारच्या साक्षीचा कागद त्यांनी फाडून टाकला.

सकाळी स्वयंपाकघरातली सुरी आणि गोणी शिवायचा दाभण मागून घेऊन काका अंगणात कामाला बसले. आशीर्वादाच्या बुटांचे जाड तळ त्यांनी कापले, डब्यातून परत काढलेल्या जुन्या बुटाखाली थरावर थर चिकटवला, मावशीचा पाय तीनदा मोजला. संध्याकाळी तिने बूट चढवला आणि हॉलच्या टोकापर्यंत सरळ चालत जाऊन परत आली. या वेळी कुणी ओरडलं नाही. सगळे तिच्या पावलांकडे बघत होते.

बूट शंका घेतल्याने आखडेल का, असं तिने भीत भीत विचारलं. काकांनी टेप तिच्या हातात दिली.

"रोज शंका घ्या, रोज मोजा," ते म्हणाले. "प्रार्थनाही करा, कुणी नको म्हणत नाही. पण जे मोजू देत नाही, विचारू देत नाही, त्याच्या हातात आपला पाय द्यायचा नाही."