न सरणारी बरणी

सदानंद परबांनी बरणी खिडकीशी नेली, डोळ्यांसमोर धरली आणि आतल्या मसाल्याच्या उंचीवर बाहेरून रबरबँड चढवला. सून क्षितिजा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिचं लक्ष नाही असं बघून त्यांनी बरणी पुन्हा फळीवर डब्यांच्या मागे ठेवली.

सगळी नोकरी गोदामात स्टोअरकीपर म्हणून काढलेला माणूस. तुळिंजच्या त्या इमारतीत त्यांचा विश्वास होता तरी कोणावर? टँकरवाला पाणी कमी सोडतो, भाजीवाली काटा मारते, शेजारी आपला पेपर आधी वाचून मग दारात टाकतो. पेपर तो खरंच वाचायचा म्हणा. पण बरणीचं प्रकरण वेगळं होतं. त्यांच्या बायकोने, लतिकाने, जाण्याआधीच्या उन्हाळ्यात केलेला गरम मसाला तीत होता. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

रोजचा स्वयंपाक क्षितिजाच्या सातारी मसाल्यात व्हायचा आणि परब तो नाक मुरडत जेवायचे. रविवारचं मटण मात्र ते स्वतः करत. रटरटत्या पातेल्यावर बरणी तिरपी धरून मसाला भुरभुरवत, डोळे मिटून वास घेत, आणि जेवताना मुलाला, परेशला, विचारत की आईच्या हातची चव आहे की नाही. परेश मान डोलवायचा. क्षितिजा खाली बघून जेवत राहायची, आणि नेमकं तेच परबांना खुपायचं.

त्यातच मधल्या वारी एकदा तिच्या बटाट्याच्या रश्श्याला ओळखीचा वास आला. परबांच्या मनात पाल चुकचुकली. बाई बरणीत हात घालते. म्हणून तो रबरबँड.

दोन रविवार गेले. परबांनी बरणी खाली काढली, तर मसाला अगदी रबरबँडला टेकलेला. हुश्श म्हणून ते बरणी ठेवायला वळले आणि थबकले. अहो, दोन्ही रविवारी आपण स्वतःच चांगला सढळ हाताने घातला होता. तो गेला कुठे? गोदामात माल कमी भरला तर चोर शोधायचा, हे त्यांना ठाऊक होतं. माल सरतच नसेल तर काय करायचं, हे कुठल्या साहेबाने शिकवलं नव्हतं. रात्रभर विचार करून त्यांनी निकाल लावला. चांगला मसाला काढून घेते आणि बाजारातलं काहीतरी स्वस्त आत भरते.

सोमवारी बँकेत जातो म्हणून ते निघाले आणि अर्ध्या जिन्यावरून परतले. स्वयंपाकघरात क्षितिजा वर्तमानपत्राच्या पुडीतून चमच्याने बरणी भरत होती.

"काय भेसळ करतेस?"

ती दचकली, पण हात मागे घेतला नाही. बरणीचं झाकण लावलं आणि मग बोलली.

"बाबा, आईंचा मसाला पहिल्याच पावसाळ्यात गेला. तुम्ही उकळत्या पातेल्यावर बरणी धरता. वाफ आत जाते. बुरशी आली, गोळे झाले. मी फेकून दिला."

"मग इतके दिवस मी खातोय ते काय?"

"माझ्या हातचं."

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी तिला शेजारी बसवून मसाला भाजला होता. धणे किती लाल, दगडफूल कधी टाकायचं, सगळं तिने बघून ठेवलं होतं. तरी पहिला हात फसला, लवंग जास्त झाली. त्या रविवारी बाबा जेवताना काहीच बोलले नाहीत, म्हणून तिने तो टाकून दुसरा केला.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही डोळे मिटून वास घ्यायचात. कसं सांगणार?"

परबांना संताप आला. तिचा आला की स्वतःचा, ते त्यांचं त्यांनाच कळेना. चोर म्हणून जिच्यावर पाळत ठेवली, तिने त्यांचं लतिकाबरोबरचं दुकटेपण सांभाळलं होतं. आणि लतिकाच्या हातचं शेवटचं जे होतं, ते त्यांच्याच हाताने नासलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी मटण आणलं नाही.

मग गावाहून लतिकाचा धाकटा भाऊ जयराम आला. पाहुण्यासाठी मटण आणणं भाग होतं. रांधलं क्षितिजाने. परब दारात उभे राहून नुसते बघत होते. तिने वाटीत मसाला काढून घेतला, बरणी बंद केली, मग वाटी पातेल्यात रिकामी केली.

जयरामने पहिला घास घेतला आणि मान वर करून परबांकडे बघितलं.

"भावोजी, जिभेर ठेवल्याबरोबर वळाखलंय. तायचोच मसालो ह्यो. ताय गेली असा वाटनाच नाय."

क्षितिजाने सासऱ्यांकडे बघून हळूच मान हलवली. हो म्हणा, असं ती सांगत होती. हो म्हणणं किती सोपं होतं. परबांनी पाण्याचा घोट घेतला. गावची बोली त्यांच्या तोंडी फार दिवसांनी आली.

"ताय गेली रे, जयराम. ह्यो आमच्या क्षितिजाच्या हातचो."

जयरामचा घास हातातच राहिला. परेश ताटाकडे बघू लागला. परबांनी पातेलं पुढे ओढलं, पाहुण्याला रस्सा वाढला, आणि मग एक रिकामं ताट घेऊन त्यातही वाढला.

"बस," ते क्षितिजाला म्हणाले. "निवेल."