एक दहा ते तीन चाळीस

लिफ्टवाल्याला दुरुस्तीपेक्षा बिघाड शोधण्यात जास्त रस होता. "पार्ट कोणीही बदलेल," तो म्हणायचा, "दुखणं कुठे आहे ते कळलं पाहिजे." अठरा वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. दोर घासतोय की ब्रेक चिकटतोय, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मग एकदा लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरताना शिडी सरकली, तो कमरेवर आपटला आणि मणका कायमचा दुखावला. कंपनीने माणुसकी दाखवली म्हणायची. कामावरून काढलं नाही, सुट्या भागांच्या गोदामात खुर्चीवर बसवलं. दिवसभर तो खोकी लावायचा आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचा. हात शिवशिवायचे. काहीही बिघडलेलं नसताना घरातला मिक्सर त्याने दोनदा उघडून पुन्हा जोडला.

क्रिप्टोचं खूळ त्याच्या डोक्यात भरवलं गोदामासमोरच्या कॉम्प्युटरवाल्याने. "हे मशीन घरात बसून गणितं सोडवतं," तो म्हणाला, "त्याच्या बदल्यात थोडं थोडं डिजिटल नाणं जमा होतं. अट एकच. मशीन थांबता कामा नये."

लिफ्टवाल्याला नाण्यापेक्षा ती अटच भावली. थांबू न देणं हाच तर त्याचा धंदा होता.

दीड महिना तो त्यात बुडून गेला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून त्याने सांगाडा केला. त्यावर मदरबोर्ड, वर ओळीने सहा जुनी ग्राफिक्स कार्डं, प्रत्येक कार्डाला जोडणारी रायझरची वायर, खाली दोन पॉवर सप्लाय. कार्डांचे पंखे त्याने स्वतः उघडून, धूळ काढून, तेल घालून बसवले. बायको धुलाई केंद्रात इस्त्री करून पाच वाजता परत यायची. नवरा कित्येक महिन्यांनी शीळ घालतोय हे ऐकून तिला बरंही वाटलं.

प्रश्न जागेचा होता. एवढा भार सोसेल अशी जाड वायर घरात एकाच ठिकाणी होती, बाबांच्या खोलीतल्या एसीची. एसी जुना झाला होता, कुरकुरायचा. लिफ्टवाल्याने तो उतरवला आणि त्या जागेच्या खाली, पलंगाच्या पायथ्याशी, मशीन मांडलं.

बाबा तीस वर्षं बसचालक होते. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उरले फक्त दोन शब्द: "राहू दे." भूक लागली तरी राहू दे, पोट भरलं तरी राहू दे. पाठ दुखली, पाहुणे आले, पाहुणे गेले, सगळ्याला राहू दे. नेमकं काय म्हणायचंय ते सुरावरून ओळखावं लागायचं. बायकोला ते बरोबर कळायचं.

"बाबा, हे इथे ठेवू ना?" लिफ्टवाल्याने विचारलं होतं.

"राहू दे," बाबा म्हणाले.

ठेव म्हणताहेत की नको म्हणताहेत, याचा त्याने फार विचार केला नाही. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "नको म्हणतायत ते."

"तीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेत ते," लिफ्टवाला म्हणाला. "त्यांना आवाजाचं आणि गरमीचं काय मोठंसं?"

मशीन सुरू झालं. सहा कार्डांचे बारा पंखे एकदम फिरले, की खोलीत गिरणी घातल्यासारखं वाटायचं. खिडकीत त्याने गरम हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. तरी दारातून आत पाऊल टाकताच तोंडावर वाफ यायची. बायकोने एकदा सांगितलं, बाबांची चादर ओली होते. दुसऱ्यांदा सांगितलं, ते दुपारी झोपत नाहीत. तिसऱ्यांदा त्यांच्या पाठीवरचं पुरळ दाखवलं. "बघतो," तो तिन्ही वेळा म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी. बायकोने मग सांगायचं सोडलं.

आठव्या दिवशी तो संध्याकाळी घरी आला तर मशीन बंद. बटण चालू, प्लग जागेवर, मशीन मात्र थंडगार. चालू केलं तर निमूट चालू झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

त्याचे डोळे चमकले, खोटं कशाला सांगायचं. शोधायला बिघाड मिळाला होता.

त्याने रीतसर सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा लिफ्टचा नियम. पहिल्यांदा रायझर बदलले, कारण स्वस्तातल्या रायझरांचा भरवसा नसतो. फरक नाही. मग कार्डांचा वेग उतरवला. मग एकेक कार्ड काढून बाकीची पाच चालवली, त्यात सहा दिवस गेले. मग पॉवर सप्लायवर संशय घेऊन ते दोन्ही बदलले. चोर सोडून संन्याशाला फाशी. मशीन रात्रभर चालायचं, सकाळी चालायचं आणि संध्याकाळी तो परत यायचा तेव्हा मेलेलं असायचं.

मशीन आपली नोंद स्वतः लिहून ठेवायचं: कुठलं कार्ड किती तापलं, कुठे चूक झाली. त्या नोंदीत चूक अशी नव्हतीच. वाक्य अर्ध्यात तुटावं तशी ती तुटलेली असायची.

"म्हणजे वीज गेली," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"वीज गेली नाही. शेजारी विचारलं."

"मग सेटिंग बदल. वीज आली की आपोआप चालू हो, असं सांगून ठेव त्याला. निदान कळेल तरी किती वेळ बंद असतं."

त्याने सेटिंग बदललं. आता संध्याकाळी मशीन चालू सापडू लागलं आणि नोंदीत दोन वेळा दिसू लागल्या. सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी बंद, तीन चाळीसला चालू. मंगळवारी एक बाराला बंद, तीन चाळीसला चालू. बुधवारी एक दहा, तीन एकेचाळीस.

कॉम्प्युटरवाल्याने तो कागद बघितला आणि हसला. "अरे, हा बिघाड नाही. हा माणूस आहे."

"घरात त्या वेळी कोणी नसतं."

"कोणीच नसतं?"

बाबांना जेवू घालणारी बाई एक वाजता निघून जायची. त्यानंतर पाचपर्यंत घरात फक्त बाबा. लिफ्टवाला हसला नाही.

पुढच्या मंगळवारी त्याने दुपारची सुटी घेतली, आवाज न करता कुलूप उघडलं आणि पॅसेजमध्ये स्टुलावर बसला. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. भिंतीवर टांगलेल्या आरशात पलंगाचा अर्धा भाग दिसत होता. एक वाजून नऊ मिनिटांनी बाबांचा डावा हात पलंगाच्या कडेला चाचपडू लागला. गादी आणि भिंत यांच्या फटीतून त्यांनी पडदा सरकवायची काठी ओढून काढली. एसीचं बटण उशापासून चांगलं हातभर लांब, वरच्या बाजूला होतं. पहिल्या वेळी काठी चुकली. दुसऱ्या वेळी चुकली. तिसऱ्या वेळी खट् झालं आणि बारा पंखे हळूहळू थांबले.

बाबांनी काठी छातीवर ठेवली आणि तोंड उघडं टाकून ते झोपले. एखादं मूल दमून झोपावं तसे.

लिफ्टवाला बसून राहिला. तीन चाळीसला बाबा जागे झाले, समोरच्या घड्याळाकडे बघितलं, पुन्हा काठी उचलली आणि पाच-सहा प्रयत्नांत बटण चालू केलं. मग काठी परत फटीत सारली. मुलाला कळू नये म्हणून.

त्या क्षणी लिफ्टवाल्याला दया यायला हवी होती. आली ती चीड. महिनाभर तो नोंदी चाळत, वायरी बदलत बसला होता आणि घरातल्यांनी त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. कारण ती काठी बाबांना आपोआप मिळाली नव्हती. ती दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात असायची.

बायको पाचला आली. तो दारातच म्हणाला, "काठी कोणी दिली?"

तिने चपला काढल्या, पिशवी ठेवली. "मी."

"मला वेड्यासारखं राबताना बघत होतीस?"

"तीनदा सांगितलं तुम्हाला. चौथ्यांदा काठी ठेवली."

"बंद करायचं होतं तर तोंडाने सांगायचं!"

"तोंडाने सांगून तुम्हाला कधी ऐकू आलंय?" ती म्हणाली. "अडीच तास झोपतात हो ते. दिवसातून अडीच तास. तेवढे तरी सोडा."

तो मग म्हणाला, की रविवारी पॅसेजमध्ये नवी जाड वायर ओढतो आणि मशीन तिकडे हलवतो. पण तोवर त्याला ते न थांबता चाललेलं बघायचंय. चारच दिवस. आपण जोडलेलं धड आहे की नाही, हे त्याला एकदा कळायला हवं. बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

त्याने मेन बंद केला, एसीचं बटण काढलं, त्याच्या दोन तारा एकत्र पिळून थेट सॉकेटला जोडल्या आणि वर पांढरी कोरी पट्टी बसवली. कामाला वीस मिनिटंही लागली नाहीत. लिफ्टच्या धंद्यात याला एक शब्द आहे, बायपास. दाराचं लॉक लागलं नाही तर लिफ्ट हलू नये म्हणून जी तार असते, ती कोणी अशी पिळून ठेवली, तर त्याला मेकॅनिक म्हणत नाहीत. शिकाऊ असताना त्याने एकदा केलं होतं, वेळ वाचवायला. उस्तादाने सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली होती. हात पट्टीचे स्क्रू आवळत असताना ते त्याला आठवलंही. पण ही काही लिफ्ट नव्हती.

बाबा उशीवरून बघत होते. "राहू दे," ते म्हणाले.

"रविवारी हलवतो, बाबा. रविवारपर्यंत."

बुधवारी मशीन थांबलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी तो गोदामात असताना, पाच वाजून पाच मिनिटांनी, बायकोचा फोन आला.

बाबा जमिनीवर पडले होते, पलंगाच्या पायथ्याशी, चेहरा मशीनच्या बाजूला. एक पाय नको त्या दिशेला वळला होता. बायकोने आधी प्लग उपटला आणि मग त्यांच्याजवळ बसली. अंग तव्यासारखं तापलं होतं, ओठ फुटले होते, पण श्वास चालू होता. शेजारीण धावत आली. तिला आवाज आला होता म्हणे दुपारी. राहू दे, राहू दे, असं कितीतरी वेळ. जेवू घालणारी बाई आग्रह करत असेल, असं तिला वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, खुबा मोडलाय, शरीरातलं पाणी आटलंय आणि मूत्रपिंडावर ताण आलाय. "किती वेळ पडून होते?"

बायको म्हणाली, माहीत नाही.

"अंदाज तरी? उपचाराच्या दृष्टीने विचारतोय."

लिफ्टवाला बाबांची जुनी कागदपत्रं आणायला घरी गेला. खोलीत अजून ऊब होती. कोऱ्या पट्टीवर काठीच्या टोकाचे बारीक गोल ठसे उमटले होते, शेजारी शेजारी, एकावर एक. त्याने मोजायला घेतले आणि सोडून दिले. सांगाड्यावरच्या तिसऱ्या कार्डाची वायर अर्धी निघून लोंबत होती. बटण सापडेना म्हणून मशीनकडे सरकताना आधाराला बाबांनी तीच धरली असणार.

त्याने प्लग लावला, मशीन आपोआप चालू झालं, आणि त्याने नोंद उघडली. एक वाजून बेचाळीस मिनिटं: तीन नंबरचं कार्ड सापडत नाही. पुढच्या ओळीपासून उरलेली पाच कार्डं आपलं काम करत होती, पाच वाजेपर्यंत, एकही चूक नाही. त्याने मशीन बंद केलं. कागदपत्रं पिशवीत घातली. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "तीन तास अठरा मिनिटं." इतकं नेमकं कसं, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी लिहून घेतलं.

बाबा नऊ दिवस जगले. त्या नऊ दिवसांत ते एकदाही काही बोलले नाहीत. तेवढे दोन शब्दही नाहीत. लिफ्टवाला त्यांच्या डाव्या बाजूला बसून राहायचा, त्या हातात जीव होता म्हणून. बाबा हात काढून घेत नव्हते आणि त्याचा हात धरतही नव्हते. दहाव्या दिवशी सकाळी, तो खाली औषधं आणायला गेला असताना, ते गेले.

ताई दुसऱ्या गावाहून आली. लिफ्टवाल्याची मोठी बहीण. लहानपणी बाबांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून जायची ती. बायकोने तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की पलंगावरून पडले. सगळं आटोपल्यावर ताई बाबांच्या खोलीत रिकाम्या पलंगावर बसली. मशीन तिथेच होतं, त्यावर चादर टाकलेली.

"वयच झालं होतं," ताई म्हणाली. "तुम्ही दोघांनी खूप केलं त्यांचं."

बायकोने मान खाली घातली. एवढ्यावर भागलं असतं.

"ताई, ते असे पडले नाहीत," लिफ्टवाला म्हणाला आणि त्याने सांगितलं. एसीपासून सुरुवात केली. काठीचं सांगितलं, पिळलेल्या तारांचं सांगितलं. काही गाळलं नाही, आवाज चढवला नाही. एखाद्या अपघाताचा अहवाल द्यावा तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने त्याला ते सांगता आलं नसतं.

"काठी मी दिली होती," बायको मध्येच म्हणाली. "मी नसती दिली तर—"

"तू गप्प बस," ताई तिला म्हणाली, पण मायेने. मग भावाकडे वळली. "चार दिवस? चार दिवसांसाठी?"

"हो."

"आणि चाललं का ते? न थांबता?"

"चाललं," तो म्हणाला.

ताईने पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि भावजयीला म्हणाली, "तू ये मला सोडायला. तो नको." जिन्यावर दोघींची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यात कॉम्प्युटरवाला येऊन मशीन घेऊन गेला. लिफ्टवाल्याने भाव विचारला नाही. ताईचा फोन अजून येतो, दर रविवारी, पण बायकोच्या नंबरवर. तो वाजला की लिफ्टवाला पायात चपला सरकवतो आणि बोलणं संपेपर्यंत खाली रस्त्यावर जाऊन उभा राहतो.