सतरा नंबरच्या चौकीतली शांतता

विद्यापीठातल्या पोरांनी आपल्या प्राध्यापक बाईंचं नाव 'तहबाई' ठेवलं होतं, कारण परक्या देशात कोण कुणाशी भांडतं आणि त्यांच्यातला तह किती दिवस टिकतो, हा त्यांचा विषय. त्या कधी रागावल्या नाहीत. बारा वर्षं हंगामी नोकरी केली की माणसाला मिळेल ते पद गोड लागतं. त्यांच्या खोलीच्या दारावर नावाचा कागद दर सत्राला नव्यानं चिकटवला जाई, आणि सत्र संपायच्या आधीच चिकटपट्टी हार मानून लोंबायला लागे.

उद्या अकरा वाजता कायम जागेची मुलाखत होती. हुकमाचं पान तहबाईंच्या हातात होतं. 'हलका हात' नावाचा त्यांचा शोधनिबंध गेले चार महिने विभागात गाजत होता. त्याचं सार एका ओळीत मावत असे: शांतिसेनेचे सैनिक जिथे कमी, तिथे शांतता जास्त. ऐकणाऱ्याला आधी धक्का बसे आणि मग पटे. शोधनिबंधाला आणखी काय लागतं?

पुरावाही दणदणीत होता. एका देशातलं यादवी युद्ध थांबल्यावर तिथे शांतिसेनेच्या चाळीस चौक्या बसल्या. प्रत्येकीनं दर महिन्याला अहवाल पाठवायचा, असं सहा वर्षं चाललं. अहवालांच्या झेरॉक्स नऊ खोक्यांतून आल्या. त्या वाचून तक्त्यात भरायला विद्यार्थी मिळेना, म्हणून मामा मिळाले.

मामा टपाल खात्यात चौतीस वर्षं नोंदणीच्या टेबलावर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते. दोन हजार आठशे ऐंशी रकाने त्यांनी पेन्सिलीनं, एकाच उंचीच्या अक्षरांत भरले. त्यांत एकही खाडाखोड नव्हती आणि एकही रकाना रिकामा नव्हता.

त्या दिवशी दुपारी मामांच्या जेवणाच्या टेबलाशी उभं राहून तहबाई उद्याच्या भाषणाची तालीम करत होत्या. समोर श्रोते म्हणून मामा आणि नऊ खोकी.

"आता सतरा नंबरची चौकी पाहा," तहबाईंनी आवाज चढवला. "सैनिक फक्त चार. आणि एकतीस महिने अखंड शांतता!"

"अखंड," मामांनी मान डोलावली. "एक कागद म्हणून आला नाही."

"कागद आला नाही म्हणजे?"

"म्हणजे आला नाही. म्हणून तर शांतता लिहिलं."

तहबाईंनी भाषणाचा कागद खाली ठेवला. "मामा, शांतता म्हणजे शांत ना?"

मामांनी चष्मा काढला. "अगं, शांत म्हणजे अहवाल आला, त्यात लिहिलंय परिस्थिती शांत. शांतता म्हणजे अहवालच नाही. तिकडून चकार शब्द नाही, सगळी सामसूम. दोन गोष्टी, दोन शब्द. मग काय, रकाना रिकामा ठेवू?"

"हो! रिकामा ठेवायचा!"

"रिकामा?" अंगावर कपडे न घालता बाजारात जाऊन या, असं कुणी सांगितल्यासारखा मामांचा चेहरा झाला. "रिकाम्या रकान्यात उद्या कुणीही येऊन काहीही लिहून जाईल. चौतीस वर्षांत मी एक रकाना रिकामा सोडला नाही."

"मग 'अहवाल नाही' असं लिहायचं!"

"रकाना केवढा दिलायस ते बघ. त्यात 'अहवाल'सुद्धा मावत नाही, 'नाही' तर लांबच राहिलं."

तहबाईंनी तक्ता पुढे ओढला. तक्त्यात कुठे 'शांत' आणि कुठे 'शांतता' आहे, हे त्यांना तो संगणकावर चढवतानाच दिसलं होतं. मामांची लहर, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी संगणकाला एकच हुकूम सोडून दोन्ही शब्दांचं सरसकट शून्य केलं: शून्य हल्ले, शून्य गोळीबार. त्या हुकमाला त्यांनी नावही दिलं होतं, 'शुद्धलेखनाची दुरुस्ती'.

"तेव्हा मला विचारलंस?" हे सगळं ऐकून मामा म्हणाले.

विचारलं नव्हतं. दोघांनी मिळून मोजलं. 'शांतता' असलेले रकाने सहाशे बारा भरले, आणि त्यांतले जवळजवळ सगळे छोट्या चौक्यांचे.

सतरा नंबरच्या शेवटच्या अहवालाखाली चौकीप्रमुखांची सही आणि घरचा फोन नंबर होता. तुकडी आपल्याकडचीच होती. तहबाईंनी धीर करून फोन लावला. निवृत्त चौकीप्रमुखांना कुणीतरी काहीतरी विचारतंय, याचाच इतका आनंद झाला की पहिली पाच मिनिटं त्यांनी स्वतःचे गुडघेच सांगितले.

"ते एकतीस महिने तुमच्याकडे शांतता होती ना?" तहबाईंनी विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"मी. म्हणजे माझ्या शोधनिबंधानं."

"बाई, अहवाल न्यायची आमची जीप पुलासकट गेली."

"पूल कुणी उडवला?"

"तेच तर अहवालात लिहिलं होतं! पण पाठवणार कशावरून?" चौकीप्रमुख खो खो हसले. "आम्ही होतो चौघं. दोघं पहाऱ्यावर, एक स्वयंपाकाला आणि एक टेबलाखाली. पाळ्या लावल्या होत्या. टेबलाखालची पाळी सगळ्यांना हवी असायची."

तहबाईंनी फोन ठेवला. मामांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

चार वाजता त्या विभागप्रमुखांच्या खोलीत होत्या. विभागप्रमुखांना सगळे 'अध्यक्षीय समारोप' म्हणत, कारण जिन्यात भेटले तरी ते समारोपाचं भाषण केल्याशिवाय कुणाला वर जाऊ देत नसत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच शब्द उच्चारला. "तळटीप."

"सर, सगळा निबंधच कोसळतोय."

"बाई, या जगात असं कुठलं सत्य आहे, जे तळटिपेत मावत नाही? बारीक टाइपात घाला. 'काही नोंदींबाबत मतभेद संभवतात.' मतभेद तुमचे आणि तुमच्या मामांचे. घरातली गोष्ट." मग ते पुढे झुकले. "आणि आनंदाची बातमी ऐका. शांतिसेनेच्या समितीनं निबंध मागवून घेतलाय. छोट्या चौक्या आणखी छोट्या करायचा विचार चाललाय. चाराचे दोन."

"दोघंच?"

"हलका हात!" विभागप्रमुख प्रसन्न हसले. "उद्या फक्त मुलाखत द्या. बारा वर्षं थांबलात, एक दिवस थांबा. परवा काय हवं ते सुधारा."

जिना उतरताना तहबाईंनी त्याप्रमाणे ठरवूनही टाकलं. परवा. परवा तर परवा. तळटीप मनात तयारही झाली. पण तळमजल्यावर पोचेपर्यंत डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला: दोघांतला एक पहाऱ्यावर, एक स्वयंपाकाला. टेबलाखाली जायला माणूसच उरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता निवड समितीसमोर चार पाण्याचे पेले आणि चार चेहरे होते. मधल्या खुर्चीत बाहेरून बोलावलेल्या अध्यक्षा होत्या, याच विषयात तीस वर्षं मुरलेल्या. त्या हसल्याची नोंद कुठे सापडत नव्हती. शेजारी विभागप्रमुख.

"हलका हात," अध्यक्षा म्हणाल्या. "सांगा."

"चुकलंय," तहबाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांना जोराचा ठसका लागला. तो पुरेपूर लागून होईपर्यंत तहबाई थांबल्या, आणि मग त्यांनी शांत, शांतता, पूल, जीप आणि शुद्धलेखनाची दुरुस्ती असं सगळं ओळीनं सांगून टाकलं.

"असे रकाने किती?"

"सहाशे बारा."

"ते काढल्यावर काय उरतं?"

"सैनिक जितके कमी, तितके अहवाल कमी. एवढंच."

"तेवढं तरी सिद्ध होतं?"

"भक्कमपणे."

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "ही चूक कुणी पकडली?"

"माझ्या मामांनी."

"त्यांचं पद?"

"मामा," तहबाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलं नाही.

"शांतिसेनेच्या समितीनं हा निबंध मागवलाय. तिला पत्र कोण लिहिणार?"

"लिहिलंय. सकाळी साडेनऊला टपालात टाकलं, पोच मागवून."

हे ऐकून विभागप्रमुखांनी आपला पेला संपवला आणि शेजारच्याचाही. शेजाऱ्यानं माणुसकी म्हणून हरकत घेतली नाही.

निकाल दुपारी फलकावर लागला. 'निवड सहा महिन्यांसाठी राखून ठेवण्यात येत आहे. दरम्यान उमेदवाराने सुधारित निबंध सादर करावा.' नोकरी मिळाली नव्हती, गेलीही नव्हती. फलकापाशी विभागप्रमुख दोन प्राध्यापकांना सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, या हलक्या हातावर इतका भार टाकू नका." तहबाई त्यांच्या मागून गेल्या. वाटेत समारोप होणार नाही असा मार्ग तोच एक होता.

मामांच्या घराचं दार उघडंच होतं. टेबलावर नवा तक्ता आखलेला होता, रकाने तळहाताएवढे. मामा फोन खांद्यानं कानाशी दाबून लिहीत होते.

"काय झालं?" त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

"सहा महिने टांगून ठेवलंय."

"सहा महिन्यांत एकतीस रकाने भरून होतात," मामा म्हणाले. "पाचवा चाललाय. साहेबांची स्मरणशक्ती फक्कड आहे, फक्त गुडघ्यांवर गेले की परत आणावं लागतं." आणि पुन्हा फोनमध्ये, "हां, बोला साहेब. अहो, गोळीबार सकाळचा की संध्याकाळचा? ... दोन्ही? थांबा, थांबा. घाई करू नका. जागा आहे भरपूर."

तहबाईंनी दुसरी पेन्सिल घेतली आणि खुर्ची ओढली. "मामा, स्पीकरवर टाका. आणि त्यांना विचारा, त्या दिवशी टेबलाखाली कोण होतं."

"कशाला?"

"साक्षीदार एकच असला तरी तो कुठून बघत होता, हे नोंदलेलं बरं."