आधी बाबांची बाजू

सुरुवात भांडणापासूनच करू. ठिणगी घरी आली आणि भांडण झालं नाही, असं कधी घडलेलंच नाही.

बाबा आपल्या पंपदुरुस्तीच्या गाळ्यात एका उघडलेल्या पंपावर वाकले होते. सुट्टीला आलेली ठिणगी, त्यांची एकुलती एक लेक, पलीकडून पाना पुढे करत होती.

"तुला त्या विद्यापीठातून काढतोय," बाबा मान वर न करता म्हणाले. "तंत्रनिकेतनात माझ्या मित्राने जागा धरून ठेवलीय. आज कळवायचंय."

"बाबा!"

"इंजिनियर व्हायला पाठवलं, तर ते फादर लोक तत्त्वज्ञान शिकवतायत. पंपाला काय नीतिशास्त्र पाजू?"

ठिणगीचं डोकं तापलं. तोंड उघडलं. मिटलं.

का मिटलं?

जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या फादरांच्या त्या विद्यापीठात वाद घालायचा एक नियम आहे. आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, तीही अशी, की त्यानेच "हो, हेच!" म्हणावं. तोवर आपलं घोडं तबेल्यातच. पहिल्या सत्रात ठिणगीचं घोडं तबेल्याबाहेर पडलंच नव्हतं. ऐकून घेण्याची सवय नव्हती ना!

"थांबा," ती म्हणाली. "तुमची बाजू आधी मी मांडते. चुकले तर सांगा."

"हे काय नवीन खूळ?"

"मांडू द्या की," मागच्या दारातून आई म्हणाली. ती हात पुसत आत आली आणि उलट्या बादलीवर बसली. "मी न्याय करते. एरवी या घरात माझं ऐकतं कोण!"

ठिणगी म्हणाली, "तुम्हाला भीती वाटते, की मी शहाणी होऊन तुम्हाला विसरेन."

"हॅट! तू विसरशील? तुला भूक लागते ना? तेव्हा घरच आठवतं!"

आई हसली. "चूक. पुढे."

"तुम्हाला गाळ्यात मदतीला माणूस हवाय."

"माणूस कुठेही मिळतो." बाबांचा आवाज जरा दुखावला. "एवढंच ओळखलंस होय बापाला?"

ठिणगीने पाना खाली ठेवला. दाराकडे पाहिलं. मग सावकाश बोलू लागली.

"दारात माणूस उभा असतो. त्याच्या घरात पाणी नाही. त्याला प्रश्न नको असतात, पाणी हवं असतं. तुम्ही आयुष्यभर त्याला ते दिलंत. आता लेक घरी येते, ती नुसते प्रश्न घेऊन. तुम्हाला वाटतं, ही प्रश्नच विचारत बसेल आणि तो माणूस दारातच उभा राहील."

बाबांच्या हातातलं पंपाची गळती रोखणारं सील ट्रेमध्ये पडलं.

"हो," ते म्हणाले. "हेच. अगदी हेच. मला कधी असं सांगता आलं नसतं."

आणि इथे घोटाळा झाला. बोलता बोलता ठिणगीला बाबांचं खरंच पटलं! तंत्रनिकेतनच बरं की काय? स्वतःच्या तोंडाने स्वतःचाच निकाल लावून बसले की काय मी?

"आता हिचं तुम्ही मांडा," आई म्हणाली.

"मी? मी कुठे फादरांकडे शिकलोय?"

"मांडा म्हणते ना!"

बाबांनी डोकं खाजवलं. "हिला... मजा येते तिथे."

"चूक!" मायलेकी एकदम.

"मग सांग तरी काही! हवेतून काढू?"

ठिणगीने सांगितलं. तिच्या वर्गाने एका वृद्धाश्रमात पंप बसवला होता. दाब उत्तम, गळती नाही. पण आठवडाभर तो बंदच. शिकवणारे फादर बघायला आले. त्यांनी पंपाला हातही लावला नाही, फक्त विचारलं, "या भिंतीपलीकडे कोण झोपतं?" पलीकडे आजारी माणसं होती. आवाजाने त्यांची झोप उडायची, म्हणून पंप बंद ठेवून तिथल्या आजीबाई बादल्यांनी पाणी वाहत होत्या.

"भिंतीला लागून बसवलात?" बाबा ओरडले. "खाली रबर तरी..."

"रबर होतं! पलीकडे कोण आहे, हे कुणी विचारलं नव्हतं."

बाबा उठले. गाळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"म्हणजे तुझं म्हणणं असं," ते चालता चालताच म्हणाले, "की पाणी तर द्यायचंच, पण ते कुणाला आणि कुणाच्या जिवावर, हे बघायला शिकायचं. आणि ते पान्याने शिकता येत नाही."

"हो! हेच! बाबा, हेच!" ठिणगीने टाळीच वाजवली. हातावरचं ग्रीस बाबांच्या सदऱ्यावर उडालं.

तेवढ्यात पंपाचं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं आणि फोनही वाजला. तंत्रनिकेतनातला मित्रच.

"नाही येत ती," बाबा म्हणाले. "...छे, मला कुठे पटलंय! निम्मंसुद्धा नाही. ...अरे, पण पोरीने माझीच बाजू माझ्याहून झकास मांडली. असं शिकवणाऱ्यांकडून तिला काढू कसा? ...तू ओरड, मी ऐकतोय."

त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि मोकळ्या हाताने ठिणगीला खूण केली: सील बसव, दारात माणूस उभा आहे.

तिने आधीच बसवायला घेतलं होतं.