दोन साडूंची करवत

डॉक्टर कानाचे होते. दिवसभर लोकांना मोठ्या आवाजापासून जपा, कानात काड्या घालू नका, असं सांगायचं आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये जाऊन जगातली सगळ्यांत कर्कश यंत्रं फडक्यानं पुसत बसायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. बायकोला वाटायचं, पण संसार मुरला की माणूस अशा गोष्टी बोलून दाखवायचं सोडून देतो, फक्त योग्य वेळेसाठी राखून ठेवतो.

यंत्रं म्हणजे चेन सॉ. पेट्रोलवर धडधडणाऱ्या, साखळीच्या दातांनी झाड आडवं करणाऱ्या करवती. त्याही जुन्या, आणि त्याही फक्त धंदेवाईक. बागेतली फांदी छाटायला हौशी माणूस दुकानातून हलकीफुलकी करवत आणतो, तिच्याकडे डॉक्टर ढुंकूनही पाहत नसत. एकूणच हौशी माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. स्वतः त्यांनी पेन्सिलीपेक्षा जाड लाकडाला कधी पातं लावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात एका पेशंटपासून झाली. जन्मभर लाकूडतोड केलेल्या त्या माणसाला डॉक्टरांनी श्रवणयंत्र बसवून दिलं. तो खुशीत घरी गेला, अंगणात आपली करवत चालू केली आणि कित्येक वर्षांनी तिचा आवाज धड ऐकून असा हबकला की दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आणून टेबलावर ठेवली. म्हणाला, तुम्हीच ऐकवलंत, आता तुम्हीच सांभाळा. डॉक्टरांनी ती घरी नेली, काजळी खरवडली, आतला पिस्टन लकाकताना पाहिला आणि कामातून गेले.

मग एकीची जोडीदारीण आली, जोडीदारणीची थोरली बहीण आली. शेडच्या तिन्ही भिंतींना फळ्या लागल्या. बायको त्यांना डॉक्टरांची पिलावळ म्हणायची. पिलावळीचे नियम कडक होते. गंज काढायचा, पण मूळ रंगाला हात लावायचा नाही. रंग उडालेला असेल तर तो उडालेलाच शोभतो. आणि जी करवत ओंडक्याची एक चकती कापून दाखवत नाही, तिला फळीवर जागा नाही. न चालणारी करवत म्हणजे फर्निचर, असं करवती जमवणाऱ्या मंडळींमध्ये मानतात. चकती कापायला डॉक्टर कोपऱ्यावरच्या वखारीतल्या माणसाला बोलवत आणि स्वतः सुरक्षित अंतरावर उभे राहून मान डोलवत.

या सगळ्यात एक फळी मात्र रिकामी होती. तिच्यावर यायची होती दोन माणसांची करवत. एका टोकाला इंजिन, तिथं एक गडी; मध्ये माणसाएवढं लांब पातं; आणि पल्याडच्या टोकाला नुसती एक मूठ, ती धरायला दुसरा गडी. असली यंत्रं आता बघायला मिळत नाहीत. डॉक्टरांना मिळालं होतं, पण अर्धं. इंजिन होतं, पातं नव्हतं. आणि पातं कुठं आहे हे ठाऊक होतं, हेच तर दुखणं होतं.

ती करवत दोन साडूंची होती. दोघी सख्ख्या बहिणी, त्यांचे हे नवरे. थोरलीचा नवरा तो थोरला साडू, धाकटीचा तो धाकटा; वयानं धाकटा चांगलाच मोठा होता, पण नात्यात वय विचारतो कोण? थोरलेपणाच्या हक्कानं इंजिनाची बाजू थोरल्याकडे गेली आणि मूठ धाकट्याच्या वाट्याला आली. दोघांनी मिळून अख्खी जंगलं आडवी केली आणि कधी ब्र काढला नाही. मग लाकडाच्या कंपनीनं कॅलेंडर काढलं. फोटोग्राफर आला, दोघं करवत धरून उभे राहिले. कॅलेंडर छापून आलं तेव्हा त्यात थोरला होता, इंजिन होतं, पातं होतं, आणि कागद संपता संपता पल्याडच्या मुठीवर एक हात होता. मनगटापर्यंत.

धाकट्यानं ते कॅलेंडर पाहिलं, चार बोल्ट सोडवले, पातं, साखळी आणि मूठ खांद्यावर टाकली आणि घरी निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद. थोरल्याचं म्हणणं, फोटो काय मी काढला? धाकट्याचं म्हणणं, ते कॅलेंडर भिंतीवर कुणी लावलं? दोघंही बरोबर होते, त्यामुळे भांडण मिटायचा काही मार्गच नव्हता.

थोरल्यानं इंजिन डॉक्टरांना सहज दिलं. वर कसं चालू करायचं, पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं, दोर कितपत ओढायचा, हे सगळं मुलीच्या सासरी सूचना द्याव्यात तसं सांगितलं. अट एकच: त्या गृहस्थाचा हात हिला लागता कामा नये. डॉक्टरांनी मान डोलवली. मान डोलवणं ही त्यांची व्यावसायिक सवय होती.

धाकट्याकडे मात्र खेटे घालावे लागले. तो पातं दाखवायचा, हात फिरवू द्यायचा आणि परत पलंगाखाली सरकवायचा. शेवटी एकदाचा कबूल झाला, तो डॉक्टरांच्या चिकाटीनं नव्हे. त्याच्या बायकोनं पलंगाखालचा केर काढायचा म्हणून हट्ट धरला तेव्हा. त्याचीही अट तीच. मी धरलेल्या मुठीला त्यांचा हात नको. साखळी कशी लावायची विचारल्यावर तो म्हणाला, "त्यात काय एवढं? वरच्या बाजूचे दात आपल्याकडे बघायला हवेत. बाकी सगळं सरळ आहे."

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी दोन्ही अर्धी जोडली. बोल्ट आपापल्या जागी असे बसले की जणू कधी निघालेच नव्हते. डॉक्टर स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की चकती राहिलीय. वखारीतल्या माणसाला विचारलं तर त्यानं कानावर हात ठेवले. दोन माणसांच्या करवतीला दोघांचा हात एकमेकांना ठाऊक असावा लागतो, म्हणाला. अनोळखी माणसाबरोबर असलं यंत्र धरण्यापेक्षा मी अनोळखी बाईशी लग्न करीन.

हे डॉक्टरांनी जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग ओळखीची बाई आहे ना घरात. मी धरते पल्याडची मूठ."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं शेडच्या उंबऱ्याशी उभी राहून "एक ना धड, भाराभर करवती" म्हणणारी ही बाई. त्यांनी तिला धोका समजावून सांगितला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं की एवढा धोका आहे तर इंजिनाकडे कोण उभं राहणार, कारण तुम्ही तर दाढीसुद्धा जपून करता. डॉक्टरांना सगळं कळत होतं. पण फळी रिकामी होती, आणि रिकामी फळी माणसाला काय वाटेल ते करायला लावते.

बायकोनं पुढं काय केलं ते डॉक्टरांना नंतर समजलं. तिनं त्या दोघी बहिणींना फोन केला. त्या दोघींचं, सांगायला हरकत नाही, आपसात उत्तम चाललं होतं. नवऱ्यांचं बोलणं बंद झाल्यापासून त्या दर आठवड्याला एकमेकींकडे जात, आणि सोबत कुणी येत नसल्यामुळे तब्येतीत गप्पा होत. तिघींचं फोनवर दोन मिनिटांत ठरलं. घरी जाऊन प्रत्येकीनं आपल्या नवऱ्याला भाजी निवडता निवडता एवढंच सांगितलं की रविवारी सकाळी कानाचे डॉक्टर ती करवत चालवणार आहेत, स्वतः, आणि दुसऱ्या बाजूला त्यांची बायको आहे.

रविवारी अंगणात ओंडका मांडून डॉक्टर कानांवर संरक्षक कप चढवत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. थोरले साडू सपत्नीक. डाव्या कानात जरा शिट्टी वाजतेय म्हणून आलो, म्हणाले. रविवारी दवाखाना बंद असतो हे त्यांना ठाऊक असावं, कारण कानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. थोड्या वेळानं धाकटेही बायकोला घेऊन आले, त्यांचा उजवा कान दुखत होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. एकानं अंगणाचं हे टोक धरलं, दुसऱ्यानं ते. दोघी बहिणी पायरीवर बसल्या आणि डॉक्टरांच्या बायकोनं त्यांना चहा दिला, तोही आधीच केलेला. इथं डॉक्टरांना पहिला संशय आला.

पण आता माघार नव्हती. त्यांनी दोर ओढला. इंजिन खोकलं, शिंकलं आणि धडधडू लागलं. बायकोनं पल्याडची मूठ पदर खोचून अशी धरली की धाकट्यांची मान नकळत हलली. पातं ओंडक्यावर टेकलं. आवाज झाला, अंगणातल्या चिमण्या उडाल्या, धूर निघाला. भुसा मात्र निघेना. करवत ओंडका कापत नव्हती, घासत होती. धूर वाढला, जळका वास सुटला, आणि डॉक्टरांची नजर पात्यावरून हलेना, कारण त्या पात्याइतकं जुनं दुसरं पातं मिळणार नव्हतं.

"बंद करा!" दोन्ही टोकांकडून एकदम आवाज आला.

डॉक्टरांनी बंद केलं. दोघं साडू झपाझपा आले आणि ओंडक्याच्या दोन बाजूंना थांबले. थोरल्यांनी डॉक्टरांना सुनावलं की साखळी उलटी लावलीय, दात पाठमोरे आहेत, ही कुठल्या शहाण्यानं सांगितलेली रीत? धाकट्यांनी डॉक्टरांनाच विचारलं की साखळीला तेल कुठंय, मुठीजवळची टाकी कोरडी ठणठणीत आहे, इंजिन देणाऱ्यानं एवढंही सांगू नये? डॉक्टर दोघांच्या मध्ये तारेवरल्या चिमणीसारखे उभे होते. त्यांनी खरं ते सांगितलं. दात आपल्याकडे बघायला हवेत, असं धाकट्यांनी सांगितलं. आणि तेलाच्या टाकीबद्दल थोरल्यांनी काही सांगितलंच नाही.

"टाकी?" थोरले म्हणाले. "कसली टाकी?"

"बघतातच दात माझ्याकडे," धाकटे डॉक्टरांना म्हणाले. "आयुष्यभर बघत आलेत."

थोरले काही तरी टाकून बोलणार होते. तोंड उघडलंही. पण मग त्यांनी पात्याकडे पाहिलं, आणि ओंडक्याला वळसा घालून ते पल्याडच्या टोकाला आले. डॉक्टरांच्या बायकोनं मूठ सोडून त्यांना जागा दिली. थोरले गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि तिथून, मुठीच्या बाजूनं, पात्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मुठीखालची छोटी टाकी त्यांनी बोटानं चाचपली. तिचं झाकण गुळगुळीत झालं होतं.

"इकडून उलटंच दिसतं होय सगळं," ते म्हणाले. हे ते डॉक्टरांना म्हणाले नव्हते.

धाकट्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, परत ठेवला. "धूरही इकडेच येतो," ते म्हणाले. "आणि भुसा."

"कधी बोलला नाहीत ते?"

"बोललो. तुम्हाला ऐकू कुठं येत होतं?"

पायरीवर कुणीतरी चहाचा मोठा घोट घेतला. डॉक्टरांना जाणवलं की आता पुढं जाऊन दोघांच्या अटींची आठवण करून देणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य न करण्याइतकी अक्कल आपल्याला आहे. त्यांनी बारकासा पाना आणून दिला. धाकट्यांनी साखळी काढून फिरवून घातली. डॉक्टरांनी आतून तेलाची बाटली आणली, थोरल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा टाकीत तेल ओतलं आणि अर्धं स्वतःच्या बुटावर सांडलं. मग उठून इंजिनाकडे जायच्या ऐवजी त्यांनी ती मूठच धरली.

"तुम्ही घ्या तिकडं," ते म्हणाले. "मी आलोच आहे इथं तर."

धाकटे इंजिनाशी गेले. त्यांनी दोर असा ओढला की जणू कालच ठेवला होता. या वेळी भुसा उडाला. सगळा थोरल्यांच्या तोंडावर उडाला, आणि त्यांनी तो पुसला नाही. चकती ओंडक्यापासून अलगद सुटून गवतावर पडली, बशीसारखी थोडी डुगडुगली आणि स्थिर झाली. डॉक्टरांनी चकती उचलली. कापलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती.

मग दोघं साडू करवत धरून उभे राहिले आणि एकमेकांशी हलक्या आवाजात बोलू लागले. हलका म्हणजे त्यांच्या मते. शेजारच्या गल्लीत ऐकू जात असावा. डॉक्टरांना कळत होतं काय चाललंय. शेवटी थोरले जवळ आले. डॉक्टर, करवत काही देता येणार नाही, असं म्हणाले. आमची आहे. देतो म्हणून बोलून फसलो.

डॉक्टरांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं. मान डोलवावी असं वाटेना. तरी डोलवली.

"घरी कुठं ठेवणार ती?" पायरीवरून थोरलीनं विचारलं.

"माझ्या पलंगाखाली तर नाही," धाकटी म्हणाली. "आत्ताच केर काढलाय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग शेडकडे. पुढचं ठरायला वेळ लागला नाही. करवत राहील इथंच, फळीवर. मालकी दोघांची. रविवारी येऊन चालवून जाणार, आणि डॉक्टरांनी पेट्रोल आणून ठेवायचं. थोरल्यांनी वर ही सवलतही दिली की पाहुणे आले तर डॉक्टरांनी ती खुशाल दाखवावी, फक्त खोटं बोलू नये.

सगळे गेल्यावर डॉक्टर शेडमध्ये उभे होते. फळी भरली होती, आणि जे तिच्यावर होतं ते त्यांचं नव्हतं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असा विचार करून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. बायको दाराशी आली, उंबऱ्याशी थांबली, मग आत येऊन स्टुलावर बसली.

"आली का एकदाची करवत घरात?" तिनं विचारलं.

"आली," डॉक्टर म्हणाले. "दोन साडूंसकट."

"मग पुढच्या रविवारी ओंडका जरा मोठा आणा," ती हाताचे तळवे चोळत म्हणाली. "मलापण नीट एकदा धरायचीय."

डॉक्टरांनी फडकं उचललं आणि पात्यावरचा ओला भुसा मुठीच्या बाजूकडून पुसायला घेतला.